सनद आणि घटिका

अमेरिकेतील सनदी लेखापालास परवाना एकदा मिळाला म्हणजे तो जन्माचा झाला असे नाही. तो कायम राखण्यासाठी निरंतर शिक्षणाचे ठरीव तास मुदतीत भरून द्यावे लागतात, आणि हे शिक्षण आता पुष्कळसे चित्रफितींच्या द्वारे घरबसल्या होत असल्यामुळे, जेथे समोर अध्यापक नाही आणि हजेरीपट नाही तेथे विद्यार्थी खरोखर शिकला हे ओळखावे कसे, हा बिकट प्रश्न उभा राहतो.

तेथील राज्य लेखामंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने लेखापालांच्या संस्थेसह जी मानके सिद्ध केली, त्यांत ५० मिनिटांचा एक श्रेयांक धरला आहे. स्वाध्यायी पाठ्यक्रमाचा काल मोजण्याची एक रीत अशी, की मजकुराच्या शब्दसंख्येस १८० ने भागावे, चित्रफितीची प्रत्यक्ष मिनिटे त्यात मिळवावीत, दर प्रश्नामागे १.८५ मिनिटे धरावीत आणि बेरजेस ५० ने भागावे. मात्र छापील मजकूरच जिच्यात केवळ वाचून दाखविला असेल, त्या चित्रफितीची मिनिटे हिशेबात येत नाहीत. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण पुनरुक्तीला ज्ञानाची किंमत लावण्याचा मोह तिने मुळातच खुडला आहे.

दर श्रेयांकामागे किमान तीन उजळणीचे प्रश्न असावेत, आणि उत्तर चुकले तर ते का चुकले हे विद्यार्थ्यास समजावून सांगावे, असाही दंडक आहे. अंतिम परीक्षेत निदान ७० टक्के गुण हवेत. तीत ‘चूक की बरोबर’ या धर्तीचे प्रश्न चालत नाहीत.