तण मरत नाही, कारण औषध कमी पडते?

तुळजापूरच्या शिवारात खरीप म्हणजे आता मुख्यतः सोयाबीन. खुरपणीला बाया वेळेवर मिळत नाहीत, म्हणून तणनाशकाकडे वळणाऱ्या शेतकऱ्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. गैरसमज वेगळाच आहे: सगळे तण एकदाचे उगवू द्यावे, मग कडक फवारा मारावा, आणि नाही मेले तर मात्रा वाढवावी. सोयाबीनचे खरे नुकसान पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत होते; अन्न आणि ओल तणाने तोवर ओढलेली असते. उभ्या पिकात सर्रास वापरले जाणारे इमॅझेथापायर हे तणनाशक तण दोन ते चार पानांचे असताना, पेरणीनंतर साधारण पंधरा ते वीस दिवसांनी आणि जमिनीत ओल असताना मारायचे असते. गुडघ्याला लागलेले तण दुप्पट मात्रेनेही नीट मरत नाही. उलट पीक पिवळे पडते, आणि जमिनीत उरलेला अंश रब्बीच्या पिकालाही बाधू शकतो.

दुसरा समज असा की एक औषध लागू पडले की तेच दरवर्षी वापरावे. हरियाणा-पंजाबच्या गव्हात हेच झाले. आयसोप्रोट्युरॉन वर्षानुवर्षे मारल्यावर १९९०च्या दशकात ‘गुल्ली डंडा’ हे तण त्याला दाद देईना. त्या औषधातून वाचतील अशीच झाडे बी धरत गेली. आपल्याकडे पीकही तेच आणि औषधही तेच, म्हणजे वाट तीच. म्हणून औषधाचा गट बदलणे आणि मधूनमधून पीक बदलणे भाग आहे.

मग कोळपेच बरे, असे म्हणणाऱ्यांचेही अर्धेच खरे. कोळपे दोन ओळींतले तण काढते, ओळीतले राहते. झड लागली की वापसाच येत नाही. केना तर तुटलेल्या कांड्यांवरून पुन्हा मुळे धरतो, शिवाय जमिनीखालीही बी तयार करतो. ओल्या रानात कोळपला की उलट पसरतो. लव्हाळ्याच्या गाठींचेही तसेच, वरची पात कापून काही साधत नाही. तरीही उघडीप मिळताच केलेली पहिली कोळपणी स्वस्त पडते आणि जमीन भुसभुशीत करते. फवाऱ्याने हे दुसरे काम होत नाही. खुरपलेले गवत जनावरांपुढे जाते, फवारलेले जात नाही, हा हिशेब मात्र तणनाशकाच्या खर्चात कोणी धरत नाही. ओळीत उरलेल्या केन्यासाठी खुरपे लागतेच, पण ते सबंध रानाला नव्हे, आणि केना फुलावर येण्याआधी.