बेडकाच्या शरीरातील संप्रेरक ग्रंथी

माढा तालुक्यात मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच रात्री ओढ्याकाठी बेडकांचा आवाज सुरू होतो. एरवी हिरवट-तपकिरी दिसणारे मोठ्या जातीचे नर पिवळेधमक होतात व त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगतात. थोड्याच दिवसांत डबक्यांत शेपटीची पिले वळवळू लागतात. बेडूक पावसाबरोबर आकाशातून पडतात, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः हा सर्व बदल बेडकाच्या शरीरातील काही लहान ग्रंथी घडवून आणतात.

लाळेच्या ग्रंथीतून लाळ नळीवाटे बाहेर येते. परंतु काही ग्रंथींना अशी नळी नसते. त्यांचा रस सरळ रक्तात मिसळतो व शरीराच्या दूरच्या भागांना कामाला लावतो. या रसाला संप्रेरक म्हणतात. अत्यल्प प्रमाणातही तो परिणामकारक ठरतो.

ग्रंथींची स्थाने व कार्ये

पोष ग्रंथी मेंदूच्या खालच्या अंगाला असते. आकाराने ती लहानशा दाण्याएवढी असली तरी इतर अनेक ग्रंथींवर तिचा अंमल चालतो. पाऊस व हवेतील बदल यांची जाणीव मेंदूला झाली की पोष ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे नराची वृषणे व मादीचे अंडाशय कार्यप्रवृत्त होतात. काळ्या जमिनीवर बसलेला बेडूक गडद दिसू लागतो, तोही याच ग्रंथीच्या मधल्या भागातील संप्रेरकाचा परिणाम होय. तिच्या मागील भागातील संप्रेरक मूत्राशयातील पाणी पुन्हा रक्तात शोषून घेण्यास मदत करते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते कातडीतून घेतो. त्यामुळे कोरड्या मुलखात ही व्यवस्था त्याला फार उपयोगी पडते.

अवटू ग्रंथी दोन असून त्या गळ्यात, जिभेला आधार देणाऱ्या कूर्चेच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यांच्या जवळच परावटू ग्रंथी असतात व त्या रक्तातील चुन्याच्या अंशाचे प्रमाण राखतात. जठर व आतडे यांच्यामधील अग्निपिंड पाचक रस तयार करते, तसेच रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिनही तयार करते. अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांच्या पुढील पृष्ठावर पिवळसर पट्ट्यांसारख्या दिसतात. संकटकाळी शरीराला सज्ज करणे व क्षारांचा समतोल राखणे ही त्यांची कामे होत. वृषणे मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी जोडलेली असतात. त्यांच्या संप्रेरकामुळे विणीच्या काळात नराच्या अंगठ्यावर जाड गादी येते.

पिलाचा बेडूक कसा होतो

शेतीच्या दृष्टीने यांतील अवटू ग्रंथीचे कार्य विशेष महत्त्वाचे आहे. गुडरनाच या शास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बेडकाच्या पिलांना जनावरांच्या अवटू ग्रंथीचे खाद्य दिले. ती पिले वाढण्यापूर्वीच इवलेसे बेडूक बनली. पुढे १९१६ च्या सुमारास बेनेट ॲलन यांनी पिलांची अवटू ग्रंथी काढून टाकली, तेव्हा पिले वाढून मोठी झाली, परंतु त्यांचे बेडूक झाले नाहीत. यावरून रूपांतराची किल्ली या ग्रंथीत आहे हे सिद्ध झाले. मागील पाय फुटणे, पुढील पाय बाहेर येणे, कल्ले जाऊन फुप्फुसांवर भिस्त येणे, आतडे आखूड होणे व शेपटी विरघळून जाणे ही सर्व कामे एकाच संप्रेरकाच्या आज्ञेने होतात. या संप्रेरकात आयोडीन असते. माणसाच्या गळ्यातील अवटू ग्रंथीही हेच संप्रेरक तयार करते. आयोडीनयुक्त मीठ खावे असे सांगितले जाते ते त्याचसाठी.

माढा तालुका पर्जन्यछायेत आहे. येथील डबके लवकर आटते, आणि पिलाला ते आटण्यापूर्वी बेडूक व्हावेच लागते. पाणी कमी होऊ लागले की काही जातींच्या पिलांत मेंदू, पोष ग्रंथी, अधिवृक्क ग्रंथी व अवटू ग्रंथी मिळून रूपांतराचा वेग वाढवितात, असे आढळून आले आहे. मात्र घाईने झालेला बेडूक आकाराने लहान राहतो.

रसायनांचा धोका

जे काम रक्तातील अल्पशा रसाने होते, ते पाण्यातील अल्पशा रसायनाने बिघडूही शकते. मका व ऊस या पिकांत वापरल्या जाणाऱ्या ॲट्राझीन या तणनाशकावर अमेरिकेतील टायरोन हेज यांनी प्रयोग केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पाण्याच्या एक अब्ज भागांत या औषधाचे अडीच भाग असतानाही आफ्रिकी जातीच्या नर बेडकांपैकी दहा टक्के पूर्ण माद्या बनले. काही अन्य प्रयोगांत असा परिणाम दिसला नाही व याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तथापि औषध पाण्यात जाऊ न देण्यातच शहाणपण आहे.

बेडूक पिकांवरील किडे खाऊन शेतकऱ्याची फुकट चाकरी करतो. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीसाठी त्यांचा फार संहार होऊ लागल्याने भारत सरकारने १९८७ साली ही निर्यात बंद केली. याकरिता पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. फवारणीचा पंप ओढा, विहीर, शेततळे किंवा डबके यांच्या पाण्यात धुऊ नये. धुवण वाहत्या व साठलेल्या पाण्यापासून दूर पडीक जागी टाकावे.

२. पाण्याच्या कडेला लागून तणनाशक फवारू नये. वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाहून अधिक औषध घेऊ नये.

३. घराजवळचे साठलेले पाणी डासांमुळे काढून टाकावे. शेतातील बांधाकडेच्या डबक्यांत पिले दिसत असल्यास ती पाय फुटून बाहेर पडेपर्यंत डबके बुजवू नये.

४. शाळेतील मुलांना ग्रामसेवकांनी डबक्याकाठी नेऊन पिलांना प्रथम मागचे व नंतर पुढचे पाय कसे येतात ते दाखवावे. त्यासाठी बेडूक पकडण्याची किंवा कापण्याची गरज नाही.

डबक्यातील पिलांना वेळेवर पाय फुटत असतील, तर त्यांच्या गळ्यातील ग्रंथी आपले काम नीट करीत आहे असे समजावे. त्याच पिलांचे पुढे पिकाचे राखणदार होतात.