दातांखालची पट्टी

तापीकाठचे बऱ्हाणपूर म्हटले की दक्षिणेचा दरवाजा आठवतो, १६३१ साली तेथे निधन पावलेली मुमताजमहल आठवते आणि यंत्रमागांचा खडखडाट कानी येतो. गेल्या लग्नसराईत एका आप्ताच्या घरच्या कार्यासाठी आम्ही तेथे गेलो, तेव्हा मात्र आमचे लक्ष वेधले ते वरातीतल्या सॅक्सोफोनवाल्याने. मिरवणूक थांबली की तो वाद्य तोंडातून काढी आणि माउथपीसवर गुंडाळलेली काळी चिकटपट्टी अंगठ्याने दाबून बसवी. विजेच्या तारांना गुंडाळावयाची ती पट्टी! तिच्याखाली काय आहे असे विचारता त्याने ती सोडून दाखविली. मूळची पट्टी केव्हाच निखळली होती आणि त्या खाचेत नळाची गळती बुजविण्याचा लगदा भरला होता. ऐन सराईत ही वस्तू तो तासन्‌तास दातांखाली धरीत होता.

सॅक्सोफोन वाजविताना खालचा ओठ रीडला आधार देतो आणि वरचे पुढचे दात माउथपीसच्या उतरत्या चोचीवर टेकतात. माउथपीस धातूचा असेल तर त्या जागी खाच करून कठीण रबराची अथवा प्लॅस्टिकची पट्टी बसविलेली असते. धातूचा गारवा आणि कंप दातांना सोसवत नाही, म्हणून ही योजना. वर्षानुवर्षांच्या चाव्याने पट्टीला खळगे पडतात, डिंक सुटतो. दात घसरू लागले की ओठाची पकड बिघडते आणि पकड बिघडली की सूर ढळतो.

ही क्षुल्लक बाब आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या वाद्याचे पेटंट अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये घेतले, ते आपल्या देशात घरोघर पोहोचले त्यात बँडवाल्यांचा वाटा मोठा आहे. कद्री गोपालनाथ यांनी हे वाद्य प्रथम ऐकले ते म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये. पुढे १९९४ साली लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात त्यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजविले. ते आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचे, दक्षिण कन्नडचे. आपल्या गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी जॅझमध्ये, तर मनोहारी सिंग यांनी हिंदी चित्रपटांत सॅक्सोफोन गाजविला. आपण त्यांना दाद दिली. वरातीतल्या वादकाकडे मात्र आपण पाहिलेच नाही.

वस्तुतः या दुरुस्तीस लागणारे साहित्य दुर्मिळ नाही. पहिले एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून दीर्घकाळ तापविलेले कठीण रबर. आपल्याकडे त्याची फाउंटन पेने हाताने घडविणारे कारागीर अद्यापि आहेत. त्यांच्याकडील कांडीचा तुकडा कानशीने खाचेच्या मापाचा करून दोन भागांच्या एपॉक्सीने चिकटविला की अस्सल पट्टी तयार होते. एपॉक्सीचे दोन्ही भाग अचूक प्रमाणात मिसळावेत आणि ते पुरते घट्ट होईपर्यंत वाद्य तोंडाला लावू नये.

दुसरे साहित्य तर प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते. कवळ्या करणारे कारागीर भुकटी आणि द्रव कालवून जे ॲक्रिलिक वापरतात, ते मुखात राहण्यासाठीच बनलेले असते. ते काही मिनिटांत घट्ट होते. मात्र धातूस ते आपण होऊन धरून बसत नाही. खाचेच्या कडा आतून किंचित कोरून त्याला पकड द्यावी लागते. द्रवाचा उरलासुरला अंश निघून जावा म्हणून तयार माउथपीस दिवसभर पाण्यात ठेवणे इष्ट. झटपट चिकटणारा डिंक बारीक चिरेपुरता ठीक. ओलाव्यापुढे तो फार काळ टिकत नाही. शिसेमिश्रित डाख आणि धातूची भुकटी असलेले लगदे यांना तोंडाजवळ थारा देऊ नये.

घासकाम करताना रीड टेकते त्या कडांना चुकूनही कानशीचा स्पर्श होऊ नये, कारण तेथे केसाएवढा फरक पडला तरी आवाज बदलतो. पट्टीही मूळच्याच उंचीची हवी. जाड झाली तर तोंड अधिक उघडावे लागते आणि बसलेली सवय मोडते. एबोनाइटचा माउथपीस गरम पाण्याने धुऊ नये. त्याचा रंग उडतो व गंधकाची दुर्गंधी सुटते.

तात्पर्य, साहित्य आहे, कसबही आहे. कवळीवाला आणि बँडवाला एकाच बाजारपेठेत राहतात. त्यांची गाठ मात्र पडत नाही. चातुर्मासात लग्ने थांबतात आणि वाद्ये खुंटीला लागतात. याच महिन्यांत बँडच्या मालकांनी आपल्या वादकांचे माउथपीस तपासून घेतले, तर येणारा खर्च एका वरातीच्या फटाक्यांहून अधिक होणार नाही. कवळ्या करणाऱ्यांनीही हे काम हलके मानू नये.

तुळशीचे लग्न लागले की बऱ्हाणपुरातच नव्हे, रत्नागिरीत आणि मडगावातही बँड पुन्हा रस्त्यावर येतील. बँड ठरविताना आपण गणवेश पाहतो, दिव्यांची संख्या विचारतो. यंदा एक प्रश्न अधिक विचारावा : वाजविणाऱ्याच्या दातांखाली काय आहे? आपल्या मंगलकार्यासाठी जो आपला श्वास खर्ची घालतो, त्याच्या तोंडात नळाचा लगदा असावा, हे आपल्यास शोभणारे नाही.