बातम्यांचा पूर आणि दुकानदाराचा वेळ

पूर्वी भाव उशिरा कळत, ही कापड व्यापाऱ्याची अडचण होती. दलाल येईल तेव्हा सुरत-भिवंडीची खबर लागे. आज अडचण उलटी झाली आहे. सुरत, मालेगाव, इचलकरंजीचे भाव, नव्या मालाचे फोटो, कराच्या सूचना, नातेवाइकांचे निरोप, सारे एकाच मोबाईलवर दिवसभर येत राहते. गिऱ्हाईक समोर उभे आणि मालकाची नजर मोबाईलवर, हे दृश्य सावेडीपासून कापड बाजारापर्यंत सर्वत्र दिसते.

यात फक्त वेळ नव्हे, भांडवलही जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कापडावरील जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ५ ऐवजी १२ टक्के होणार, असे जाहीर झाले. ३१ डिसेंबरला जीएसटी कौन्सिलने ही वाढ स्थगित केली. दरवाढीच्या धास्तीने ज्याने उधारीवर माल भरला, त्याचा पैसा विनाकारण गुंतला. तसेच २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर आहे. जुन्या दराचा, तारीख नसलेला निरोप पाहून बिल केले तर हिशेब चुकणारच.

यावर आम्ही बांधवांना चार गोष्टी सुचवतो.

१) मोबाईल पाहण्याच्या वेळा ठरवा. पाच नमाजांनी आपला दिवस आधीच वाटून दिला आहे. भाव दुकान उघडण्यापूर्वी आणि जोहरनंतर पाहावेत. गर्दीच्या वेळी फक्त गिऱ्हाईक.

२) उधारी मुदतीसह वहीत लिहा. सूरह बकरामध्ये हाच हुकूम आहे. शिलाई कारागिरांनीही माप आणि कपडे देण्याची तारीख वहीतच नोंदवावी, मोबाईलमधील निरोपावर विसंबू नये.

३) बातमीची शहानिशा करा. सूरह हुजुरातची ही शिकवण बाजारालाही लागू आहे. कराची बातमी कर सल्लागाराला विचारल्याशिवाय माल भरू नये, भाव बदलू नये.

४) दरमहा जीएसटी विवरणपत्र भरणाऱ्यांनी ११ आणि २० या तारखा गल्ल्याजवळ लिहून ठेवाव्यात. म्हणजे ऐनवेळी धावपळ आणि दंड दोन्ही टळतात.

प्रत्येक बातमी आपल्या कामाची नसते. वसुली, माल आणि गिऱ्हाईक यांपैकी कशाशीही जिचा संबंध नाही, ती दुकान बंद झाल्यावर वाचली तरी चालते. वेळ ही अल्लाहची अमानत आहे. तिचाही हिशेब द्यायचा आहे, हे व्यापाऱ्याने विसरू नये.