विश्लेषण : चित्र एकच, छपाई वेगळी, जुने टपाल तिकीट कसे ओळखाल?

देऊळघाटसारख्या गावात जुनी लोखंडी पेटी उघडली, की सातबाराचे उतारे, लग्नपत्रिका आणि पिवळी पडलेली पाकिटे एकत्रच निघतात. मग पाकिटांवरच्या तिकिटांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात आणि कुणीतरी लाखाचा आकडा सांगून मोकळा होतो. पण फोटोवरून किंमत ठरत नाही. हुबेहूब दिसणारी दोन तिकिटे वेगळ्या छपाईची असू शकतात.

आपल्याकडचे सोपे उदाहरण म्हणजे भारताच्या नकाशाचे तिकीट. १ एप्रिल १९५७ रोजी ‘नवे पैसे’ आले आणि त्याच दिवशी ही मालिकाही आली. तेव्हा बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात होता. तिकिटे छापली जात नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. सुरुवातीच्या कागदात ताऱ्यांचे जलचिन्ह होते, १९५८ पासून अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाचे आले. समोरचे चित्र तेच राहिले.

जलचिन्ह पाहायचे कसे?

सुटे तिकीट काळ्या गुळगुळीत पृष्ठभागावर पालथे ठेवा आणि तिरप्या उजेडात पाहा. नाही दिसले, तर मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. काही संग्राहक बेंझिनचे थेंब टाकतात. घरी हा प्रयोग नको. ते पटकन पेट घेते आणि काही शाया त्यात विरघळतात.

हीच युक्ती पंचम जॉर्जच्या तिकिटांनाही लागू पडते. मागे एकच तारा असेल, तर छपाई साधारणपणे लंडनच्या डी ला रू कंपनीची. ताऱ्यांची नक्षी भरलेली असेल, तर १९२६ नंतरची, नाशिकची. जर्मनीतल्या १९२०च्या दशकारंभीच्या महागाईकाळातील तिकिटांचेही असेच. एका कागदात शंकरपाळ्यांची नक्षी, दुसऱ्यात जाळीची. चित्र सारखे, भाव मात्र कधी कधी कितीतरी पट वेगळा.

काही फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. १९४९ च्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलटी, म्हणजे आरशात दिसावी तशी छापली गेली. १९५० मध्ये ती सुधारली. दोन्ही छपाया रोजच्या वापरातल्या, त्यामुळे वापरलेल्या तिकिटाला लाख रुपये मिळतील ही आशा सोडलेली बरी.

खरी फसवणूक होते ती १९४८ च्या गांधीजींच्या दहा रुपयांच्या तिकिटात. ते नाशिकचे नाही, स्वित्झर्लंडच्या कुर्वॉइझिए छापखान्याचे. त्याची नक्कल बाजारात भरपूर आहे. अस्सल तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा छिद्रे येतात आणि कागदात जलचिन्ह नसते. मोजमाप जुळले नाही, तर विक्रेत्याची गोष्ट कितीही रंगतदार असो, पैसे देऊ नयेत. जुळले तरी तेवढ्यावर विसंबू नका. महाग तिकीट जाणकाराच्या दाखल्याशिवाय घेऊ नये.

आणखी एक. तिकीट पाण्यात भिजवून किंवा कात्रीने कापून वेगळे करू नका. पाकिटाच्या मागे पत्र पोहोचल्याचा शिक्का असतो. त्यावर गावाचे नाव आणि तारीख वाचता येत असेल, तर साध्या तिकिटापेक्षा त्या अख्ख्या पाकिटालाच संग्राहक जास्त विचारतात.