हिमाद्रीची नोंदवही

चाकणच्या कारखान्यात क्वालिटीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, एका नगाच्या मापावरून मशीनची तब्येत सांगता येते का? तो नुसती मान हलवेल. ठरल्या वेळी नग उचलायचा, मायक्रोमीटर लावायचा, आकडा तक्त्यावर मांडायचा. माप मर्यादेत असलं तरी मांडायचा. ठिपके एका अंगाला सरकायला लागले की टूल झिजतंय हे माल रिजेक्ट होण्याआधीच कळतं.

पृथ्वीच्या उत्तर टोकाला भारताने असाच एक तक्ता भरायला घेतलाय. तिथल्या संशोधन केंद्राचं नाव ‘हिमाद्री’. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं नी-ओलेसुंद हे गाव उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे. ऑगस्ट २००७ मध्ये पहिली भारतीय मोहीम तिथे पोहोचली आणि १ जुलै २००८ ला हे केंद्र सुरू झालं. इमारत आहे २२० चौरस मीटरची, म्हणजे पिंपरीतले तीन टू-बीएचके एकत्र केल्याएवढी. तिथे एका वेळी आठ जण राहू शकतात. तिचा कारभार चालतो गोव्यातून. वास्कोतल्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. बाहेर कोकणी दमट उकाडा आणि आत उणे वीस अंशांच्या खोलीत जपलेले हिमगाभे, असा तिथला मामला.

नी-ओलेसुंद मुळात कोळशाच्या खाणीचं गाव. नोव्हेंबर १९६२ च्या स्फोटात २१ कामगार गेले, पाठोपाठ खाण बंद पडली आणि मग हळूहळू संशोधक आले. खाणकामगारांच्या अंघोळीच्या इमारतीला ‘ग्रुवेबादेत’ म्हणतात. अंगावरची काजळी धुण्याची ही जागा आता हवेतली काजळी मोजते. भारताची वातावरण-मापनाची उपकरणंही तिथेच आहेत. काजळी बर्फावर बसली की बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो, म्हणून हा हिशेब ठेवायचा. गावात वाय-फाय आणि ब्लूटूथला बंदी आहे, कारण तिथल्या दुर्बिणी अंतराळातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपतात. जेवण सगळ्या देशांच्या लोकांचं एकाच खानावळीत. वस्तीबाहेर पडायचं तर ध्रुवीय अस्वलाच्या धास्तीने सोबत बंदूक लागते.

पुण्याला उत्तर ध्रुवाचं वेड तसं जुनं. ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज्’ हा लोकमान्य टिळकांचा ग्रंथ १९०३ चा. वेदांतल्या लांबलचक उषांच्या वर्णनावरून त्यांनी आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ असल्याचं मांडलं होतं. अभ्यासकांनी ते पुढे स्वीकारलं नाही. तिथली लांबलचक रात्र मात्र खरीच. नी-ओलेसुंदला ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी मोहीम त्याच अंधारात गेली आणि तिच्यात पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. तोवर हिमाद्रीचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याचा. अर्धं वर्ष कोरं ठेवलेला तक्ता वाचायचा कसा?

या आकड्यांशी आपलं काय देणंघेणं? पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, आणि मुख्य भिस्त मावळातल्या पवना धरणावर. इथे पावसाचा प्रश्न बादलीपर्यंत पोहोचतो. गोव्याच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये एक संबंध दाखवला. रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ घटला की वायव्य युरोपवर उंचावर हवेचा उच्चदाब तयार होतो, तिथून वातावरणात उठलेली लाट आशियाकडे सरकते आणि तापलेल्या अरबी समुद्राची साथ मिळाली तर भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीला पोषक स्थिती होते. शक्यता म्हणूनच त्यांनी ते मांडलंय. पण सप्टेंबरच्या मुसळधार पावसाचा अर्थ चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्याला वेगळा समजवावा लागत नाही.

या तक्त्यात एक रकाना मात्र उणा आहे, माणसांचा. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या आर्क्टिक धोरणात मानवी विकासाचाही समावेश आहे. पण स्वालबार्डला मूळ रहिवासीच नाहीत. रेनडिअर पाळणारे सामी लोक बदलत्या बर्फाबद्दल काय सांगतात, हे ऐकायला हिमाद्रीचं दार ओलांडून मुख्य भूमीवर जावं लागेल.

तोवर एक नोंद नी-ओलेसुंदजवळच्या फ्योर्डच्या, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या तळाशी चालू असते. जुलै २०१४ मध्ये ‘इंडआर्क’ ही वेधशाळा काँग्सफ्योर्डमध्ये १९२ मीटर खोलीवर सोडली गेली. अटलांटिकचं कोमट खारं पाणी आणि हिमनद्यांचं गोडं पाणी जिथे मिसळतं, तिथे ती तापमान, क्षारता आणि प्रवाह मोजते. मग मोहीम येते, दोर वर ओढते, साठलेले आकडे काढून घेते, उपकरणं तपासते आणि पुन्हा पाण्यात सोडते. आकडे मर्यादेत असोत वा नसोत.