वाराचा बाजार आणि तळणीची कढई

वाशीम जिल्ह्यातील आठवडी बाजाराचे वर्णन करताना भाजीपाला, धान्य, बी-बियाणे आणि कापड यांचा उल्लेख सहसा होतो. परंतु बाजाराच्या कडेला चार बांबूंवर ताडपत्री ताणून उभ्या केलेल्या, एक भट्टी, एक लोखंडी कढई, एक झारा आणि दोन बाकडी एवढ्याच भांडवलावर चालणाऱ्या तळणीच्या दुकानाची नोंद क्वचितच घेतली जाते. वऱ्हाडात अशा पालालाही ‘हॉटेल’च म्हणतात. भजी, आलुबोंडे, कचोरी, जिलेबी आणि गुळाची शेव हा तेथील नित्याचा माल असून, बाजारात आलेला मजूर, शेतकरी आणि खुद्द दुकानदार हे सर्व त्याचे गिऱ्हाईक असतात.

हे दुकान एका गावचे नसते. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत प्रत्येक बाजारगावाचा वार ठरलेला असल्यामुळे विक्रेता आपले सामान टेम्पोत घालून एका वारी एका गावी आणि दुसऱ्या वारी दुसऱ्या गावी जातो, म्हणजे गिऱ्हाईक दुकानाकडे येण्याऐवजी दुकानच आठवड्याच्या फेऱ्यात गिऱ्हाइकांकडे जात राहते. मलेशियातील ‘पासार मालाम’ या नावाने जगभरच्या प्रवाशांना परिचित झालेला रात्रीचा बाजारही मुळात याच तत्त्वावर चालतो. तो रोज एकाच जागी भरत नाही, तर वसाहतीगणिक वार ठरवून भरतो, आणि क्वालालंपूरच्या चेरास भागातील तामान कॉनॉट येथील प्रसिद्ध बाजार बुधवारी रस्त्यावर पसरतो तो याच नियमाने. भेद वेळेचा आहे. मलेशियातील बाजाराचे गिऱ्हाईक शहरी नोकरदार असल्याने तो दिवसाचे काम आणि ऊन दोन्ही सरल्यावर भरतो. वाशीमच्या बाजाराचे गिऱ्हाईक मात्र बाहेरगावाहून आलेले असून त्याला दिवे लागण्यापूर्वी घर गाठायचे असते. शेतमजुरांची आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी चुकती करण्याची जुनी रीत असल्यामुळे हातात रोख पैसा येण्याचा आणि तळणीचा वास नाकाशी येण्याचा दिवस एकच ठरतो, आणि दुकानाचे सारे गणित या योगावर उभे असते.

बाजाराच्या इतिहासात या जिल्ह्याला मानाचे स्थान आहे. वऱ्हाड प्रांत 1853 पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला असताना, हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशान्वये 1886 मध्ये कारंजा येथे स्थापन झालेला कापसाचा बाजार हा भारतातील पहिला नियंत्रित बाजार, म्हणजे माप, दलाली आणि व्यवहाराची पद्धत सरकारी नियमांनी बांधलेला बाजार, मानला जातो; पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदाही झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस मिळावा ही त्यामागील प्रेरणा असल्याने राज्यकर्त्यांचे लक्ष गाठोड्यांच्या वजनावर राहिले. कापसाच्या गाड्या हाकणाऱ्यांनी दुपारी काय खाल्ले हा प्रश्न कोणत्याही नियमावलीच्या कक्षेत बसणारा नव्हता.

बाजारात तळलेलेच का विकले जाते, या प्रश्नाचे एकच उत्तर देणे कठीण आहे. तळण एका भट्टीवर मिनिटांत होते, त्याला ताट-वाटी लागत नाही, आणि कागदात बांधलेली भजी व जिलेबी घरी नेईपर्यंत टिकतात. बाजारातून परतणाऱ्याने मुलांसाठी खाऊची पुडी आणणे ही जवळजवळ सक्तीची रूढी असल्याने हा शेवटचा गुण विशेष महत्त्वाचा ठरतो. याखेरीज, पाण्यात शिजवलेले अन्न ‘कच्चे’ आणि तेला-तुपात तळलेले अन्न ‘पक्के’ मानून दुसऱ्याच्या हातचे पक्के अन्न स्वीकारण्यास कमी बंधने ठेवणारा जो जुना संकेत समाजशास्त्रज्ञांनी विशेषतः उत्तर भारताच्या संदर्भात नोंदवला आहे, त्याची छाया वऱ्हाडातील बाजारावरही पडली असणे संभवनीय आहे. मलेशियात मलय, चिनी आणि तमिळ असे तीन समाज शेजारी शेजारी दुकाने मांडतात, तेथे सीमा हलाल आणि हलाल नसलेल्या अन्नाची असते. म्हणून तिथे भात, नूडल, मासे, शेंगदाण्याच्या चटणीसह मिळणारे साते हे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे आणि शेंगदाणे-साखर भरलेले आपाम बालिक हे जाड धिरडे असा विस्तृत पसारा दिसतो, तर वाशीमच्या पालात विविधतेचा शोध एकाच कढईत घ्यावा लागतो.

हा शोध घेतल्यास निराशा होत नाही. मिरचीची, कांद्याची, पालकाची आणि भिजवून वाटलेल्या मूगडाळीची भजी ही केवळ नावे वेगळी असलेली एक वस्तू नव्हे, कारण प्रत्येकीचे पीठ वेगळ्या घट्टपणाचे असते आणि तेलाचा ताव त्यानुसार बदलावा लागतो. वऱ्हाडी गोटा भज्यासाठी बेसन जाडसर दळलेले लागते आणि त्यात मोहन, म्हणजे कडकडीत तापवलेले तेल, घालून मग भिजवावे लागते. मोहन कमी पडल्यास गोळा आतून घट्ट राहतो आणि जास्त झाल्यास कढईतच फुटतो. पश्चिम महाराष्ट्रात बटाटावडा म्हणून ओळखला जाणारा पदार्थ येथे आलुबोंडा होतो, आणि पावाची सोबत सोडून तर्रीत, म्हणजे वर लाल तेलाचा तवंग असलेल्या झणझणीत रश्श्यात, बुडतो. या बदलात त्याचे नुकसान झाले आहे असे कोणताही वऱ्हाडी मनुष्य मान्य करणार नाही. कचोरीची लोकप्रियता शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या रेल्वे स्थानकावरून पसरली. या सर्वांमागील हरभरा मात्र स्थानिक आहे, कारण तो या भागातील प्रमुख रब्बी पीक असून डाळीपासून बेसनापर्यंतचा त्याचा प्रवास फारसा लांब नसतो.

तेलाची गोष्ट निराळी आणि अधिक बोलकी आहे. पूर्वी वऱ्हाडातील स्वयंपाकात करडई, जवस, शेंगदाणा आणि सरकी यांची तेले वापरली जात. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीनने कापूस आणि ज्वारी यांना मागे सारून वाशीम जिल्ह्याचे खरीप रान व्यापले, त्यामुळे कढईतही सोयाबीनचेच तेल असेल असा समज सहज होतो. परंतु सोयाबीनच्या दाण्यात तेलाचे प्रमाण साधारण 18 ते 20 टक्के असते, उरलेल्याची पेंड होऊन ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात आणि निर्यातीत जाते, आणि देशाची तेलाची तूट भरून काढण्यासाठी जे तेल आयात होते त्यात पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा आहे. ते येते प्रामुख्याने इंडोनेशिया आणि मलेशिया येथून. मूळ पश्चिम आफ्रिकेतील तेलताडाची व्यापारी लागवड मलेशियात 1917 मध्ये सेलांगोर येथील तेनामारान मळ्यात सुरू झाली, आणि आज त्याच झाडाचे शुद्ध केलेले पामोलिन भारतातील व्यावसायिक तळणीत सर्रास वापरले जाते. ते स्वस्त तर असतेच, शिवाय सोयाबीन तेलापेक्षा वारंवार तापवणे अधिक सहन करते, कारण सोयाबीन तेलातील बहुअसंतृप्त मेदाम्ले हवा आणि उष्णता यांच्या माऱ्याने लवकर बिघडतात. सोयाबीनच्या शेताशेजारी भरणाऱ्या बाजारात भजी जर पामोलिनमध्ये तळली जात असतील, तर त्याचे कारण विक्रेत्याच्या लोभापेक्षा रसायनशास्त्रात आणि शेतमालाच्या धोरणात अधिक शोधावे लागते.

तळणीच्या तेलाबाबत भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून एकूण ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात साचणाऱ्या विघटित घटकांची, कमाल मर्यादा 25 टक्के ठरवली आहे. ही मर्यादा मोजण्यास उपकरण लागते. ते नसेल तेव्हा तळणारा फेस, धूर आणि रंग यांवरून अंदाज बांधतो, आणि तेलाच्या भावाकडे पाहून तो अंदाज थोडा लांबवण्याचा मोहही त्याला होत असणार. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत, कारण शाईतील घातक द्रव्ये अन्नात उतरतात, ही सूचना त्याच प्राधिकरणाने 2016 मध्ये दिली. पुडीची रूढी मात्र सूचनेपेक्षा चिवट ठरली आहे.

जागेच्या हक्काची व्यवस्था याहून गुंतागुंतीची आहे. खेड्यातील बाजाराची फी ग्रामपंचायत आकारते, आणि ती वसूल करण्याचा मक्ता लिलावाने देण्याची पद्धत रूढ असल्याने विक्रेत्याचा संबंध पंचायतीपेक्षा पावती फाडणाऱ्या ठेकेदाराशी येतो. तालुक्याच्या ठिकाणी मात्र नगरपरिषद किंवा नगरपंचायत असते, आणि तिथे पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 लागू होतो, ज्यात विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद आहे. हा कायदा शहरी भागापुरता असल्यामुळे तोच मनुष्य, तीच कढई आणि तेच बेसन घेऊन शहराच्या बाजारात बसला तर त्याला कायद्याचे संरक्षण मागता येते, आणि दुसऱ्या वारी खेड्यातल्या बाजारात बसला की ठेकेदाराची पावती एवढाच त्याचा आधार उरतो.